मढची खेप

ओतूरच्या पेठेतले पुनमचंद शेठ गेले तेव्हा लोक म्हणाले, मरण असावं तर असं. दुसऱ्या दिवशी सकाळी बँड लावून, डोलीत बसवून, कपाळाला केशर लावून त्यांची मिरवणूक काढली. ज्यांनी शेठच्या दुकानातून उभ्या जन्मात पावशेर साखर घेतली नव्हती तेही एस.टी. स्टँडच्या चौकात हात जोडून उभे होते. शेवटची घटका तर निम्म्या गावानं पाहिली. जिनं पाहायची ती मात्र त्या घटकेला डोंगरातल्या मढ गावाहून येणाऱ्या जीपमध्ये, दुधाच्या दोन किटल्यांच्या मध्ये, मांडीवर पिशवी धरून बसलेली होती.

ती म्हणजे शेठची विधवा सून, सुमतीबाई.

सुमतीबाईचं माहेर घोडेगावचं. लग्न होऊन ओतूरला आली, आणि पोरगा बंटी अंगणवाडीत जायला लागला न लागला तोच नवरा काविळीनं गेला. तेराव्यालाच भाऊ गाडी घेऊन दारात आले. बहिणीला न्यायचं, पोराला इथं ठेवायचं, असं त्यांचं आपसांत ठरलेलं होतं. शेठ ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "बाई इथंच राहील. पोरगं इथंच राहील. तुम्ही चहा घ्या न् निघा." एवढंच बोलले आणि महिन्याभरात सुनेला दुकानाच्या गादीवर आणून बसवलं. पेठ महिनाभर कुजबुजत होती. विधवा सून गादीवर बसवली, म्हाताऱ्याची अक्कल चरायला गेली, असं त्यांच्याच व्याह्यांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं आणि त्यांना वेलदोडे दिले.

दुकान किराण्याचं, पण खरा धंदा हिरड्याचा. पश्चिमेच्या डोंगरातून माणसं पोती घेऊन यायची. बाळहिरडा कुठला, मोठा कुठला, सुकवलेला कुठला आणि पाणी मारून वजन वाढवलेला कुठला, हे शेठनी तिला एकेक दाणा हातात देऊन शिकवलं. चुकली तर ओरडायचे. ओरडले की संध्याकाळी स्वतः फुटाण्याची पुडी आणून गल्ल्याशेजारी ठेवायचे आणि तिकडं न बघता निघून जायचे. त्या माणसानं तिला कधी नावानं हाक मारली नाही. जुन्या वळणाचे होते, सुनेचं नाव घ्यायचं नाही. "बाई, पाणी." "बाई, कुलूप." "बाई, आज डोकं दुखतंय का?" तिचं सगळं आयुष्य त्या 'बाई'वर निघालं आणि तिला त्यात काही कमी वाटलं नाही.

आता शेठच्या वेडाविषयी सांगायला हवं. दर दिवाळीला, अमावास्येच्या संध्याकाळी दिवे लावून झाले की ते घरातल्यांना समोर बसवून भगवान महावीरांच्या शेवटच्या रात्रीची गोष्ट सांगायचे. शास्त्रातली गोष्ट, जैनांच्या घरात कुणाला ठाऊक नाही? पावापुरीला भगवंतांची घटका भरत आली होती. त्यांचा पहिला शिष्य गौतम. जन्म त्यांच्या पायाशी काढलेला, ज्ञानी, पण एक गोष्ट सुटत नव्हती: भगवंतांवरची माया. त्या मायेनं त्याचं मोक्षाचं दार अडलं होतं. म्हणून भगवंतांनी नेमक्या त्या दिवशी त्याला शेजारच्या गावी धाडलं, एका ब्राह्मणाला उपदेश करायला. गौतम गेला. परत येताना वाटेत त्याला कळलं की भगवंत गेले. मग तो ज्ञानी माणूस लहान पोरासारखा रडला, मला का लांब केलंत म्हणाला. रडता रडता त्याच्या लक्षात आलं की हीच ती माया. ती गळाली आणि पहाट व्हायच्या आत त्याला केवलज्ञान झालं.

'रडला' या शब्दाशी शेठचा आवाज दरवर्षी फुटायचा. उपरणं डोळ्याला लावायचे. बंटी मोबाईल बघायचा. आणि सुमतीबाई दरवर्षी एकच विचारायची, "पण सांगून धाडायचं ना! मी आज जाणार आहे, तू इथं थांबू नकोस, असं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"सांगितलं असतं तर गेला असता का?" शेठ म्हणायचे आणि हसायचे. त्या हसण्याचा तिला राग यायचा. एखाद्याला फसवून लांब करायचं आणि त्याला कृपा म्हणायचं, हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. पण ती देवाची गोष्ट, आपण कोण बोलणार, म्हणून ती उठून दिव्यात तेल घालायला जायची.

यंदा पर्युषण संपलं आणि शेठची किडनी गेली. पुण्याच्या डॉक्टरांनी मशीनवर ठेवू म्हणून सांगितलं. शेठ म्हणाले, मला ओतूरला न्या. घरी येऊन त्यांनी संथारा मागितला, म्हणजे अन्न सोडून, नवकार मंत्र म्हणत, देह आपल्या इच्छेनं ठेवायचं व्रत. चातुर्मासासाठी जैन स्थानकात उतरलेल्या साध्वींनी, महासतीजींनी, आधी नाही म्हणून सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्या स्वतः घरी आल्या, शेठजवळ बराच वेळ बसल्या, घरच्यांची संमती घेतली आणि व्रत दिलं. पाणी चालेल, बाकी काही नाही. संमती देताना सुमतीबाईनं नुसती मान हलवली.

त्या संध्याकाळी खोलीत दोघंच असताना शेठ तिला म्हणाले, "बाई, शेवटचा नवकार माझ्या कानात तू म्हण. बाकीचे लोक ओरडतात."

"म्हणेन."

"हलू नको इथनं."

"नाय हलणार, बापूजी."

हे असं ठरलं होतं. दुसरं काही तिला नको होतं. मिरवणूक नको, फोटो नको, त्यांच्या नावाची पाटी नको. त्या माणसानं तिला दारातून परत जाऊ दिलं नव्हतं, आता तो जाताना आपण त्याच्या कानाशी असावं, एवढीच तिची मागणी.

पण संथारा काय घरातला राहतो? दुसऱ्या दिवशी दुकानापुढं मांडव पडला. स्टँडवर फ्लेक्स लागला, त्यात शेठचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो आणि खाली जैन संघाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे हसरे चेहरे. बंटीनं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. मंचरहून, नारायणगावहून, थेट नगरहून गाड्या भरभरून लोक दर्शनाला येऊ लागले. म्हाताऱ्याच्या पायाला हात लावायचा, फोटो काढायचा, बाहेर येऊन चहा प्यायचा. जो माणूस गर्दी दिसली की आतल्या खोलीत जायचा, त्याच्या उशाशी लोक पाळीपाळीनं भजनं म्हणत होते. सुमतीबाई पायाशी बसून सगळं बघत होती. लोकांचे पाय तिच्या लुगड्यावर पडत होते. तिला ढकलून उठवलं तरी ती परत तिथंच येऊन बसायची.

अशात एका सकाळी शेठनी तिला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज पार खोल गेला होता.

"बाई, मढला जायचं."

"कोण?"

"तू. भीमाजीला माझं खमत खामणा सांग."

जाण्याआधी सगळ्यांची क्षमा मागायची, ही रीत आहे. आणि भीमाजीचं प्रकरण सुमतीबाईला ठाऊक होतं. भीमाजी मढचा हिरडेवाला. एका हंगामात त्याच्या पोत्यात दगड आहेत असा शेठना संशय आला आणि त्यांनी भर पेठेत, बाजाराच्या दिवशी, त्याचं पोतं रस्त्यावर ओतायला लावलं. दगड निघाला नाही. भीमाजीनं एकेक हिरडा परत पोत्यात भरला, पोतं खांद्यावर टाकलं, आणि पुन्हा म्हणून दुकानाची पायरी चढला नाही. शेठना ते कायम खात होतं. तेव्हा ही आठवण त्यांना शेवटी झाली, याचं तिला नवल वाटलं नाही.

"बंटीला पाठवते," ती म्हणाली.

"त्याला काय कळतं. तू जा."

"मी हलणार नाय म्हणाले होते."

शेठनी डोळे मिटले. "जा बाई. एवढं काम कर माझं."

त्यांनी आजवर तिला असं विनवून कधी सांगितलं नव्हतं. ती उठली. पायाला हात लावला. त्यांचा हात तिच्या डोक्यापर्यंत आला नाही, मध्येच खाली पडला.

मढच्या रस्त्याला सगळीकडं भाताची खाचरं भरलेली होती आणि डोंगर धुक्यात. जीपमधून उतरून ती भीमाजीच्या घरी पोचली तेव्हा त्याची बायको साळुबाई पडवीत नाचणी पाखडत होती. सूप खाली ठेवून ती उठली.

"या ताई! शेठचं लई ऐकलं. कसं हाये आता?"

"आहेत. त्यांनीच पाठवलं. भीमाजीभाऊ कुठं आहेत?"

साळुबाई तिच्याकडं बघतच राहिली. "ताई, त्यांना जाऊन दोन वरसं झाली की."

सुमतीबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. "मला कसं कळलं नाही?"

"तुमी पुन्याला व्हत्या तवा. सुनंच्या बाळंतपनाला. पन शेठ आलं व्हतं ना दहाव्याला! नदीवर, उन्हात, कावळा शिवंस्तवर बसलं. मंग माझ्यापुढं हात जोडलं. म्हनलं, साळुबाई, पोतं ओतलं ती माझी चूक झाली. मी म्हनलं, शेठ, त्यो मानूस तुमच्यावर रागावल्याला न्हवता, निस्ता लाजला व्हता. तवा मिटलं ते. आता परत कशापायी धाडलं तुमाला?"

कशापायी, ते सुमतीबाईला त्याच क्षणी कळलं. संतापानं तिचे कान तापले. म्हाताऱ्यानं गौतमाला शेजारच्या गावी धाडला होता. सांगितलं असतं तर गेली असती का? नसती गेली. म्हणून मेलेल्या माणसाची क्षमा मागायला पाठवलं. जन्मभर दिवाळीला जी गोष्ट सांगून रडायचे, ती शेवटी स्वतः करून दाखवली. स्वतः झाले भगवंत आणि हिला केलं गौतम!

तिनं तिथूनच बंटीला फोन लावला. "बंटी, भीमाजी कधीच गेलेत. बापूजींना ठाऊक होतं. त्यांना विचार मला का पाठवलं. मी निघते लगेच."

फोनमध्ये मागं भजनाचा गलका होता. बंटी म्हणाला, "मम्मी, बापूजी ध्यानात आहेत. शांत आहेत एकदम. घाई करू नकोस. जेवून निघ."

शांत आहेत म्हटल्यावर तिचा राग आणखी वाढला. आपल्याला लांब करून हे शांत झाले! "बसा मग शांत," ती मनात म्हणाली. साळुबाईनं नाचणीची भाकरी आणि कोरड्यास वाढलं, ते ती जेवली. मुद्दाम सावकाश जेवली. मग फाट्यावर आली तर जीप लवकर मिळेना. मिळाली तेव्हा दुधाच्या किटल्यांमध्ये जागा होती. ओतूर दोन-तीन मैलांवर राहिलं असेल, तेव्हा ड्रायव्हरचा मोबाईल वाजला. तो बोलला आणि आरशातून मागं बघत म्हणाला, "पेठंतलं हिरडेवालं शेठ गेलं म्हनं आत्ता."

गौतमाला निदान देवांनी सांगितलं होतं. हिला सांगितलं जीपवाल्यानं, तेही गिऱ्हाइकांना बातमी म्हणून.

घरी आली तेव्हा शेठना बसवून बांधायचं काम चाललं होतं. तोंडाला पांढरी मुहपत्ती, मांडी घातलेली. तिनं कानाशी वाकून नवकार म्हणायला तोंड उघडलं, तर संघाचे अध्यक्ष म्हणाले, "भाभी, आता बाजूला व्हा, बाहेर व्हिडिओवाले थांबलेत."

गुणानुवाद सभा झाली, म्हणजे गेलेल्याचे गुण गायची सभा, तीत तर हद्दच झाली. मढची गोष्ट साळुबाईकडून कुणाकुणाला कळलीच होती. अध्यक्ष माइक धरून म्हणाले, की पुनमचंदजींनी शेवटच्या दिवशी भगवंतांचं अनुकरण केलं, सुनेचा मोह तोडण्यासाठी तिला दूर पाठवलं, आणि स्वतः 'अरिहंत' म्हणत देह ठेवला. धन्य तो सासरा, धन्य ती सून! टाळ्या पडल्या. मेल्या माणसाच्या सभेत टाळ्या! बायका येऊन सुमतीबाईच्या पाया पडल्या. एक तर म्हणाली, तुमचं काय भाग्य, गौतमस्वामींच्या रांगेला बसलात.

भाग्य! गौतमाला रडल्यावर ज्ञान झालं. सुमतीबाईला रडूच आलं नाही, मग पुढचं काय होणार? तिच्या छातीत एक गाठ बसली आणि ती रोज घट्ट होत गेली. रात्रंदिवस एकच प्रश्न. त्यांना मी नको होते का? मी कानाशी असते तर यांचं मोक्षाचं दार बंद झालं असतं का? एवढी वर्षं गादीवर बसवली, फुटाणे आणले, ताप आला तर उशाशी बसून राहिले, ते सगळं शेवटी अडगळ ठरलं? मग पहिल्याच दिवशी भावांबरोबर घोडेगावला पाठवायचं होतं. तेव्हा तोडला असता मोह, तर दोघांचेही कष्ट वाचले असते.

शास्त्रावरही ती चिडली. पूर्वी ती गौतमाची बाजू घेऊन नुसतं विचारायची, आता तिला त्याचा हेवा वाटू लागला. त्याला धाडलं ते खऱ्या भगवंतांनी. रागलोभ संपलेल्या, मागंपुढं सगळं दिसणाऱ्या माणसानं. हिला धाडलं ते कोणी? दमा असलेल्या, रागीट, चोरून गोड खाणाऱ्या किराणा दुकानदारानं. त्यांना कोणी अधिकार दिला? शेठचा फोटो दुकानात लागला, हार घातला, पण ती त्याच्याकडं पाठ करून बसायची. गिऱ्हाइकं म्हणायची, भाभी आता विरक्त झाल्या.

दिवाळीच्या आदल्या दिवशी सुमतीबाई आणि बंटीची बायको नीलम माळ्यावरून पणत्या काढत होत्या. नीलम पुसून देत होती. ती म्हणाली, "मम्मी, एक पणती बापूजींच्या खोलीत लावायची ना?"

"कशाला? त्यांना कुणी नको होतं. अंधारात राहू दे खोली."

"असं नका बोलू."

"का नको? मला जन्मभर गोष्ट सांगितली आणि शेवटी माझ्यावरच उलटवली. मी गेले तेव्हा सुटले म्हणाले असतील."

नीलमच्या हातातून पणती निसटली आणि फुटली. ती तिथंच फरशीवर बसली, पदर तोंडाला लावला. "मम्मी, मी नियम घेतलाय न बोलायचा. बंटीनं घ्यायला लावला. पण तुम्ही असं बोललात तर मला पाप लागेल."

"काय बोलायचं नाही?"

नीलमनं दाराकडं बघितलं. मग हळू आवाजात सांगितलं. तुम्ही गेलात आणि तासाभरात ते अस्वस्थ झाले. सारखं दाराकडं बघायचे. हात हवेत फिरवायचे. मग 'सुमती' म्हणाले. मला आधी कळेचना कुणाला बोलावतात ते, कारण त्यांच्या तोंडून हे नाव कधी ऐकलंच नव्हतं. मी जवळ गेले तर म्हणाले, सुमती आली का? तिला बोलाव. माझं चुकलं. बंटी फोन हातात घेऊन उठलासुद्धा. पण अध्यक्ष म्हणाले, शेवटच्या क्षणी मोह झाला तर गती बिघडते, एवढा संथारा मातीत जाईल, भजन मोठ्यानं सुरू करा. मग सगळ्यांनी आवाज चढवला.

"आणि माझा फोन आला तेव्हा?"

नीलमनं पुन्हा दाराकडं बघितलं.

"नीलम, माझा फोन आला तेव्हा ते काय करत होते?"

"तुमचंच नाव घेत होते," नीलम म्हणाली. "दुपार संपेपर्यंत. अरिहंत नाही म्हणाले, मम्मी. तुमचंच नाव शेवटचं."

सुमतीबाई खाली वाकली. फुटलेल्या पणतीचे तुकडे तिनं सुपलीत गोळा केले. तुकडे गोळा करताना मात्र तिला रडू फुटलं, महिनाभराचं साठलेलं, आणि ते थांबेना. म्हातारा भगवंत व्हायला गेला होता आणि त्याला ते जमलं नव्हतं. जमलं नाही म्हणून तिला इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली. आणि मग नाचणीच्या भाकरीचा एकेक घास आठवला. ती मढला सावकाश घास मोडत होती तेव्हा इकडं एक माणूस तिच्या नावानं घसा कोरडा करत होता, आणि तिचा पोटचा पोरगा तिला जेवून ये म्हणून सांगत होता.

पाडव्याला सकाळी स्थानकात लोक जमले. गौतमस्वामींच्या केवलज्ञानाचा दिवस. महासतीजींनी पाटावर बसून तीच गोष्ट सांगितली, साध्या शब्दांत, ओढून ताणून न सांगता. सांगून झाल्यावर अध्यक्ष उठले आणि म्हणाले, आपल्या गावातही असा प्रसंग घडला, त्या माउलीनं आज दोन शब्द बोलावेत. लोकांनी मागं वळून बघितलं. सुमतीबाई बायकांच्या रांगेतून उठली. बंटी पुढं पुरुषांत बसला होता. तो हसऱ्या चेहऱ्यानं बघत होता.

ती माइकजवळ गेली नाही. जागेवरूनच तिनं हात जोडले. "महासतीजी, एक विचारू? भगवंतांनी जाताना गौतमस्वामींचं नाव घेतलं होतं का?"

"नाही. ते वीतराग होते. त्यांना कुणाची ओढ राहिली नव्हती."

"घेतलं असतं तर? बोलवा त्याला, माझं चुकलं, असं म्हणाले असते, आणि भोवती बसलेल्यांनी बोलावलं नसतं, उलट भजनाचा आवाज वाढवला असता, तर?"

अध्यक्ष अर्धे उठले. "भाभी दमल्यात जरा..."

महासतीजींनी हात वर केला, तसे ते बसले. त्या सुमतीबाईकडं, मग बंटीकडं बघत राहिल्या. "हे मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "संथारा माणूस स्वतः करतो, बाई. माया सोडायची तर त्यानं सोडायची. दुसऱ्यांनी त्याचं तोंड दाबून ती सोडवून घ्यायची नसते. मी असते तर तुला बोलावलं असतं."

"ते मला नावानं हाक मारत गेले," सुमतीबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "अरिहंत नाही म्हणाले. पाटीवर कोरायचं असेल तर हे कोरा."

चपला घालून ती बाहेर पडली. पेठेत पाडव्याची गर्दी होती. फटाक्यांच्या कागदांचा लाल सडा रस्त्यावर पडला होता. मागून बंटी धावत आला, त्याच्यामागं नीलम. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मम्मी, सगळ्यांसमोर कशाला! मी मुद्दाम केलं का? त्यांची गती बिघडू नये म्हणून केलं. त्यांच्याच भल्यासाठी."

सुमतीबाई चालत राहिली.

"तुला फोनवर सांगितलं असतं तर तू रडत-धावत आली असतीस. त्यांचा जीव अडकला असता तुझ्यात."

ती थांबली. ओरडली नाही. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलली.

"तुझी वेळ येईल तेव्हा मी नसेन, बंटी. नीलम असेल. तिला आत्ताच शिकवून ठेव, तुझ्या तोंडातून कुणाचं नाव निघालं तर फोनवर काय सांगायचं ते."

बंटीनं नीलमकडं पाहिलं. नीलमनं मान खाली घातली आणि त्याला ओलांडून ती सुमतीबाईबरोबर घराकडं चालू लागली.